छागल घेऊन कोकणात

श्रावणात कोकणात जायचं ठरलं, तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ते शहाणपणाचं वाटलं नाही. आगबोट बंद, आंबे संपलेले, समुद्र खवळलेला. पण आम्ही निव्वळ फिरायला निघालो नव्हतो. ह्यांना देवगडच्या अलीकडच्या एका गावात हायस्कुलात कायमची नोकरी मिळत होती. सोलापुरात दर जूनला नवी शाळा शोधावी लागते. "मे महिन्यात कोकण कुणालाही आवडेल," हे म्हणाले. "आपण वाईट दिवसांत बघू. तुला जमेलसं वाटलं, तरच हो कळवायचं." गणपतीच्या आत उत्तर द्यायचं होतं, आणि ते माझ्यावर सोडलं होतं. साधं पातळ घेतलं तरी बदलायला दोनदा दुकानात जाणारी मी. तो सगळा प्रवास मी मनात हो-नाही करतच केला.

जुन्या बाजारातून दोन लष्करी पाठपिशव्या आणल्या. त्यात मेणकापडात गुंडाळलेले कपडे, शेंगाचटणी आणि कडक भाकरीची चवड. शिवाय माझ्या खांद्याला छागल, म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. उन्हाळ्यात आगगाडीच्या खिडकीला लटकलेली तुम्ही पाहिली असेल. माझं माहेर सांगोल्याचं. आमच्याकडे दुष्काळात टँकरच्या रांगेत वाढलेली मुलगी पाण्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

कोल्हापूरला मालवणची गाडी पकडली, तेव्हा धो धो पाऊस होता. कंडक्टर छागलीकडे बघत राहिला.

"वैनी, वरचं कमी पडतंय व्हय?"

"असू दे," मी म्हणाले. हे खिडकीबाहेर बघून हसत होते.

जाणार असाल तर घाटात खिडकीची जागा धरू नका, मांडीवर तळं साठतं. मालवणात या दिवसांत लॉजवाला निम्म्या भाड्यात खोली देतो, मात्र गाद्या दमट असतात. खानावळी बऱ्याच बंद. आमची कडक भाकरी दुसऱ्याच दिवशी सादळलेल्या पापडासारखी मऊ पडली. ती दुमडता येते हे बघून ह्यांना फार मौज वाटली. मला लिहा-वाचायला थोरल्या काकांनी घरीच शिकवलं. बघितलं तेवढंच लिहावं, असं ते सांगायचे. म्हणून किल्ल्याचं वर्णन मी करत नाही. होड्या बंद होत्या. किनाऱ्यावरून पावसाच्या पडद्याआड एक काळी रेघ दिसली, ती किल्ल्याची, असं ह्यांनी सांगितलं.

पुढे एस.टी. जाईल तिथवर एस.टी. आणि बाकी पायी. खाडी आली की तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी. तरीत मी डोळे मिटून ह्यांचा दंड धरला. घरात सगळ्यांसमोर ह्यांच्या शेजारी बसायचीसुद्धा मला सवय नाही. पलीकडे उतरल्यावरही दंड लगेच सोडला नाही, आणि ह्यांनीही तो सोडवून घेतला नाही.

नोकरीच्या गावात हेडमास्तरांनी आमची सोय एका काकींकडे केली होती. एकट्याच राहतात, मुलगा मुंबईला. पहिल्या सकाळी माझी आंघोळ दीड तांब्यात झालेली बघून त्या म्हणाल्या, "न्हालंस की नुसता पाणी दाखवलंस?"

खरा घोटाळा दुपारी झाला. काकी देवळात गेल्या होत्या, हे शाळेत. पाऊस आला आणि पागोळ्या अंगणात पडून तशाच वाहून जाऊ लागल्या. मला बघवेना. आधी बादली ठेवली, मग घंगाळ, मग कळशी, परात, शेवटी आमटीचं पातेलंसुद्धा. पडवीच्या कडेनं भांड्यांची रांग लागली. भरलेलं एकेक भांडं मी आत नेऊन रांजणात ओतत होते. इतकं गोड पाणी आयतं दारात. माझा जीव हरखून गेला होता.

थोड्या वेळानं डोक्यावर टपटप आवाज आला, म्हणून बाहेर येऊन बघते, तर शेजारचे तात्या शिडी लावून छपरावर, काखेत नळे, म्हणजे कौलं. तेवढ्यात काकी आल्या.

"तात्यानू, वर खंय चढलास?"

"तुझा घर गळता ना? भांडी मांडलेली बघलंय, म्हणान इलंय. पण माका फुटको नळो गावाक नाय."

"माझ्या घराक गळती आणि माकाच म्हायत नाय?"

मी खालमानेनं खरं सांगितलं. तात्या शिडीवरच बसून हसले. काकीही हसल्या, पण मग माझ्याजवळ बसून त्यांनी विचारलं, आमच्याकडे पाण्याचं कसं. मी सांगितलं. न्हाण्याचं पाणी कपड्यांना, कपड्यांचं फरशीला, उरलं तर झाडाला.

"पाणी बघून भुललंस तू," काकी परसातल्या विहिरीकडे बोट करून म्हणाल्या. "वैशाखात ये. बाव तळाक जाता. एक कळशी भरूक अर्धी सकाळ जाता. ह्या सगळा समुद्राक जाता, कोण अडवता?"

हे संध्याकाळी आले, तेव्हा मी भांडी पुसून जागेवर ठेवत होते. इथल्या लोकांचे वाईट दिवस ते आमचे सुगीचे, हे आम्हाला सोलापुरात सुचलंच नव्हतं. आम्ही आलो होतो ते सगळ्यात सोप्या दिवसांत. ह्यांना तसं सांगितलं.

"मग नको?" ह्यांनी विचारलं.

"तसं नाही. वैशाखात काय करायचं ते मला येतं," मी म्हणाले. बोलून गेल्यावर कळलं की हेच उत्तर होतं. "पण आत्याबाईंना विचारल्याशिवाय कळवू नका."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. मुलगा इतक्या लांब जाणार म्हणून सोलापूर सोडायच्या आधी आठवडाभर त्या आमच्याशी जेमतेम बोलत होत्या. निघताना काकींच्या विहिरीचं पाणी छागलीत भरून घेतलं. सोलापूरला पोचेपर्यंत झिरपून निम्मं उरलं होतं. आत्याबाईंनी प्रवासाचं काही विचारलं नाही. ओंजळीत धरून त्या दोन घोट प्याल्या.

"डाळ शिजती का ह्यात?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. काकींकडे रोज कुळथाची पिठी, म्हणजे पिठलंच होतं.

त्यांनी उरलेल्या पाण्यात तुरीची डाळ टाकली आणि चुलीपुढं बसून राहिल्या. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ तासन् तास दडदडीत राहते. ही लवकरच उकलली. आत्याबाईंनी पळीवरचा दाणा बोटानं दाबून बघितला, मग ह्यांच्या ताटात वाढलं.

"शिजती की," एवढंच म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर मी रिकामी छागल वाळवून माळ्यावर टाकायला निघाले, तर त्यांनी ती हातातून घेतली, रांजणातलं पाणी भरलं आणि दाराजवळच्या खुंटीला लावली.

"ओलीच असू दे. वाळली की गळती. जाताना लागंल की तुमाला."