परसातला बेल आणि फुलपाखरं

आमच्या वाडीत फुलपाखरं कमी झाली, हे मला जाणवलं ते कपडे वाळत घालताना. पूर्वी दोरीवर ओली साडी टाकली की एखादं तरी येऊन बसायचं. मग मोठं वादळ झालं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरामागची लिंबाची झाडंही गेली. पुढे वाडी पुन्हा लावली, केळी वाढल्या, जास्वंद फुलली; पण काळ्या पंखांवर पिवळट ठिपके असलेली ती फुलपाखरं काही आली नाहीत. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. लोकांची छपरं उडाली होती, तिथे फुलपाखरांचं काय सांगणार?

वादळातून बेलाचं एक लहान झाड वाचलं होतं. माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, त्याला फार जपतात. श्रावणी सोमवारी महादेवाला वाहायचं पान अखंड लागतं, तीन दळांचं, भोक नसलेलं. ती पानं त्या स्वतःच खुडतात.

गेल्या श्रावणात बेल बघायला गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "अगो, ह्या कावळ्यांना दुसरी जागा न्हाय गावली? देवाच्या झाडावर घाण करून ठेवलीय!"

पानांवर काळे-पांढरे ठिपके पडले होते, पाखरांनी घाण करावी तसेच. आईंनी माझ्याकडून तांब्या मागवला आणि एकेक पान धुऊ लागल्या. तोंडाने कावळ्यांचा उद्धार चालूच. एका पानावरचं काही निघेना, म्हणून बोटाने पुसायला गेल्या, तर त्या घाणीने डोकं वर काढून दोन तांबडी शिंगं दाखवली. तांब्या टाकून आई मागे सरल्या.

"अगो बाय, ही जिती हाय!"

माझे यजमान पडवीत बसले होते. ते हसत सुटले. "आई, अळी आहे ती. कावळ्यांची माफी माग आता."

"हसतोस काय? बाजारात चाललायस ना, फवारायचं औषध आण. सोमवारपर्यंत एक पान ठेवायच्या न्हाईत त्या."

अळ्या कुणाच्या ते मला ठाऊक होतं. माहेरी लिंबावर अशाच दिसायच्या. इतक्या दिवसांनी कुठून तरी त्या ठिपकेवाल्यांतलं एक फुलपाखरू आलं होतं, आणि लिंबाची झाडं गेल्यावर अंडी घालायला त्याला आमच्याकडे हे एकच झाड सापडलं होतं. औषध मारलं तर ती पुन्हा कधी दिसतील कोण जाणे. पण आईंच्या शब्दापुढे मी कधी बोलले नव्हते, आणि त्यात गोष्ट देवाची. यजमानांनी चपला घातल्या तेव्हा मात्र माझ्या तोंडून निघालं, "औषध नको. औषध मारलेली पानं देवाला कशी वाहायची?"

यजमान होते तिथेच थांबले.

"मग काय, उष्टी वाहायची?" आई म्हणाल्या.

"देवळामागच्या बेलाची आणते मी. पाऊस असला तरी आणते."

"बोलता येतंय की हिला," त्या यजमानांना म्हणाल्या. मग मला, "आणि भिजून तापलीस की काढा कोण देणार? मीच ना?"

त्या पुन्हा झाडाजवळ गेल्या. मग तांब्या उचलून म्हणाल्या, "खाऊ देत. महादेवाच्या दारातून कुणाला हाकलीत न्हाईत."

परसातल्या बेलाच्या नुसत्या काड्या राहिल्या. मी देवळामागून पानं आणत राहिले. श्रावण संपत आला तेव्हा एका सकाळी आईंनी मला हळूच हाक मारली. काडीला एक फुलपाखरू लटकलं होतं, पंख अजून चुरगळलेले, ओले. माझे हात तांदळाच्या पिठाने भरलेले होते, तशीच मी उभी राहिले. ते उडेपर्यंत आईही हलल्या नाहीत.

"चांगलं निघालं गो," एवढंच त्या म्हणाल्या.

बेलाला पुन्हा पालवी आली. यंदा जास्वंदीवर ती फुलपाखरं दिसतात. पूर्वीइतकी नाहीत, पण दिसतात. आईंनी त्या दिवशी मला गप्प केलं असतं तर मी पुन्हा तोंड उघडलं नसतं. त्यांनी माझं ऐकलं. घरच्या माणसांचे तोंडावर आभार मानायची आमच्याकडे रीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते आहे.