मिस्त्री मीच, बसा

"मिस्त्री कुठं गेले?" असं दुकानापुढं येऊन कोणी विचारलं, की ती हातातला पेचकस खाली न ठेवता म्हणायची, "मिस्त्री मीच. बसा." आणि पायानंच स्टूल पुढं सरकवायची. तुम्ही असता तर तुम्हीही आधी बसला असता आणि मग विचारात पडला असता.

गोंदियाजवळच्या गोरेगावातलं ते दुकान तिच्या नवऱ्याचं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचं नाव होतं. अर्धांगवायूनं त्याचा उजवा हात गेला, तेव्हा दुकान आता बंद होणार, असंच सगळ्यांनी धरलं. वहिनी, म्हणजे मी तिला वहिनी म्हणायचो, आधी त्याला नुसत्या वायरी सोलून द्यायची. मग तो खुर्चीत बसून सांगू लागला आणि ती करू लागली. हळूहळू त्याचं सांगणं कमी झालं. लोक मोटारसायकलचे हॉर्न, इंडिकेटर तिच्याकडं आणत. चारचाकी मात्र कोणी देत नव्हतं.

मी तिथंच शाळेत शिक्षक होतो आणि आमच्याकडं वडिलांची जुनी अ‍ॅम्बॅसिडर होती. आई गेल्यावर वडील घराबाहेर पडत ते या गाडीसाठीच. दोन हजार चारच्या सुमारास दरेकशाहून येताना डॅशबोर्डमधून धूर निघाला. गोंदियाच्या मेकॅनिकनं पाहिलं आणि हात झटकले. "गुरुजी, कबाड़ में दे दो. इसके स्विच अब कहाँ मिलेंगे?" वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ते मला बघवेना. मी ट्रॅक्टरला बांधून गाडी वहिनीच्या दारात नेली.

तिनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं. एक वायर नुसती दाबली, तर तिच्यावरचं कापडी आवरण भुग्यासारखं गळून पडलं.

"सारीच वायरिंग बदलावी लागते, गुरुजी."

"जमेल?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो म्हणाला, "मले काऊन पाहून राहिली? तुले विचारून राहिले ते."

"जमते," ती म्हणाली.

वडिलांना हे मुळीच पटलं नाही. ते रोज सकाळी जाऊन दुकानापुढं पहाऱ्याला बसू लागले. "बाई, ती लाल वायर कुठं चालली?" "बाई, तो नट राहिला." तिला त्याचा राग येत नसे. "घाई काऊन करून राहिले, काकाजी? हा बल्ब धरा जरा," असं म्हणून तिनं त्यांच्या हातात तपासणीचा दिवा दिला. पहारेकऱ्याचा हाताखालचा माणूस कधी झाला, ते वडिलांनाही कळलं नाही. घरी ते मला फ्यूज म्हणजे काय ते समजावून सांगायचे!

हेडलाइटचा स्विच झिजून सैल झाला होता. बाजारात तसा मिळेना. तिनं दुसऱ्या गाडीचा स्विच आणला, त्याचा दांडा कानशीनं घासला आणि वर जुनीच मूठ बसवली. "काकाजीच्या बोटाले वळखीची हाय ते," म्हणाली.

गाडी तयार झाली त्या दिवशी चहाच्या टपरीवरचे सगळे बघायला आले. वडिलांनी डावा इंडिकेटर दिला आणि मागचे सगळेच दिवे मिणमिणू लागले. कोणीतरी हसलं. "बाईचं काम!"

वहिनीचा चेहरा उतरला. नवरा खुर्चीतून काही बोलणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. "थांबा. चुकलं माझं. पाहू द्या." ती डिकीत शिरली. थोड्या वेळानं आतूनच तिचा आवाज आला, "अर्थिंगची वायरच पत्र्याले धरून नाही राहिली! खाली जंग हाय." स्क्रू काढून तिनं पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत घासला, वायर पुन्हा कसली. या वेळी डाव्या बाजूचाच दिवा उघडझाप करू लागला. टपरीवाले एकेक करून पांगू लागले.

वडील खाली उतरले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्री, उद्या प्रतापगडला जाऊन येतो. काही अडलं तर तुमच्याकडंच येईन."

"या ना," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला वळली. काळं ग्रीस गालभर झालं.

वडील आमच्या जिल्ह्यातल्याच त्या प्रतापगडला भर उन्हात हेडलाइट लावून गेले. वाटेत जो भेटेल त्याला काम दाखवलं. महिनाभरात तिच्या दारात एक जीप उभी होती, मग एक मेटाडोर.

काही वर्षांनी तिनं गोरेगाव सोडलं. आता त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या पोराला मी विचारलं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

मागं एकदा देवरीला हायवेवर बस थांबली होती. खिडकीतून पाहिलं, तर एका ट्रकच्या केबिनच्या टपावर वहिनी मांडी घालून बसलेली. खाली लिंबाच्या सावलीत तिचा नवरा डाव्या हातानं वायरीचं वेटोळं सोडत होता. मी हाक मारणार, तोच तिनं खाली ओरडून सांगितलं, "द्या करंट!" आणि त्या धुळकट ट्रकच्या कपाळावरचे लाल, हिरवे, पिवळे दिवे भर दुपारी एकदम लागले.