तिला काय येत नाही

रिटायर झाल्यावर निवांत बसावं एवढी अक्कल मला नाही. आदिलाबादच्या मराठी शाळेत जन्म गेला, तेलुगूतले सरकारी कागद वाचता येतात, म्हणून जवळच्या मावला गावाकडची माणसं अजून अर्ज घेऊन दारात येतात. मी चिडचिड करते आणि भरून देते.

असंच एक जोडपं आलं. भाजीवाले. घरामागच्या वाफ्यात मेथी-पालक पिकवून बाजारात विकायचे. अकरा वर्षांची एकुलती लेक, समज मात्र तीन-चार वर्षांची. शाळेत नाव होतं, पण दिवसभर मागच्या भिंतीला टेकून बसायची. मंडलाच्या, म्हणजे इथल्या तालुक्याच्या, केंद्रात अशा मुलांसाठी वेगळ्या शिक्षिका असतात, त्या घरीही येतात. पण त्यासाठी आधी दवाखान्यातल्या शिबिरात मिळणारा अपंगत्वाचा दाखला लागतो. तो मिळाला नाही तर पोरगी त्या भिंतीलाच राहणार, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं.

शिबिराची तारीख मी घेऊन दिली, पण त्या दिवशी नेमकी मी गावाला होते. आणि या बाईनं काय करून ठेवावं! महिनाभर पोरीला घोकवलं. नाव, बापाचं नाव, गाव, लाल, हिरवा, सगळं तेलुगूत. नवा फ्रॉक, दोन वेण्या, तोंडाला पावडर. बघायला पाहुणे येणार असावेत तशी नटवून नेली. डॉक्टरांनी नाव विचारलं, तर पोरीनं एका दमात बाप, गाव आणि दोन्ही रंग सांगून टाकले. मग आईला विचारलं, स्वतः जेवते का, कपडे घालते का. आई म्हणाली, सगळं येतं. झालं! दाखला नामंजूर.

माझं डोकंच फिरलं. "काऊन खोटं बोलल्या व?"

बाप खालमानेनं म्हणाला, "मॅडम, चार मानसांत आपल्याच लेकराले कमी कसं म्हनाव? पोरीची जात हाये."

त्यांना दुसरी तारीख घेऊ म्हटलं.

ती मिळेपर्यंत हिवाळा आला. या वेळी मी उलटी शिकवणी घेतली, आईची. ती वाफ्यात मेथीच्या जुड्या बांधायची, मी शेजारी बसून विचारायचे.

"बटण लावते का पोरगी?"

"लावते थोडं थोडं."

"थोडं म्हणजे काय हो? सकाळी कोण लावतं?"

"मीच लावतो."

"मग म्हणा तसं. लावता येत नाई."

एवढं म्हणायला तिला दोन दुपारी लागल्या. पोरगी तिथंच मातीत बसलेली असायची. तिला बाजूला पाठवू का, असं आईनं एकदा विचारलं होतं. तिला काय कळतंय, असं मीच म्हणाले. छत्तीस वर्षं पोरं शिकवलेली मी!

शिबिरात या वेळी मी सोबत होते. डॉक्टरांसमोर आईची बाजारातली तेलुगू पार पळाली. ती मराठीत बोलायची, मी तेलुगूत सांगायचे. जेवताना सांडते. वेणी येत नाई. रस्ता समजत नाई. उद्या पाळी आली तं काय करावं, मले समजत नाई. बटन लावता येत नाई. बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. डॉक्टर लिहीत होते.

पोरगी स्टुलावर मान खाली घालून बसली होती. ओठातून जीभ बाहेर काढून तिचं स्वेटरच्या खालच्या बटणाशी काहीतरी चाललं होतं. बटण काजात जायचं, निसटायचं. पुन्हा जायचं. आणि बसलं हो! जन्मात पहिल्यांदा बसलं. तिनं हसून आईकडे पाहिलं.

आईनं पाहिलं. आणि पटकन आपला पदर पोरीच्या पोटावर ओढला, वरून हात दाबला आणि म्हणाली, "नाई येत, साहेब. काहीच नाई येत."

तेही मी तेलुगूत सांगितलं. माझी जीभ अडखळलीसुद्धा नाही.

दाखला मंजूर झाला. बाहेर येताच आई पोरीसमोर खाली बसली, पदर बाजूला केला आणि लागलेलं बटण आपल्या हातानं काढलं. तिचे डोळे वाहत होते. "लाव व माय, आता लाव. मी पाहून राह्यली."

पोरीनं दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"लावता येत नाई," ती म्हणाली. अगदी साफ. वाफ्यात आईकडून मी म्हणवून घेतलं होतं तस्संच.

"येते व माय, तुले येते," आई पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पोरीनं हात काही पुढे आणले नाहीत. मी दाखल्याची फाइल घेऊन तिथंच उभी होते. चिडायला त्या दिवशी मला माझ्याशिवाय कोणी सापडलं नाही.