लूसीने न दिलेलं वचन

धर्म अट घालेल तिथे माणसाने मान खाली घालावी, असं मला वाटायचं. लूसीने घातली नाही. पोस्टात लाखेचा वास आला की मला साठीच्या दशकातला नागपूरचा तो उन्हाळा आठवतो.

लूसी कॅथलिक, माझा मित्र सॅम्युएल प्रोटेस्टंट. फादर म्हणाले, मुलांना कॅथलिक करण्याचं वचन द्या, तरच चर्चमध्ये लग्न. सॅम्युएल तयार होता. लूसी उसळली, "फादर, पोरं अजून झाली नाहीत अन् तुम्ही त्याईले वाटून राहिले? मी नाही देत वचन."

"मग मी लग्नाले येत नाही वं," तिची आई म्हणाली, आणि आली नाही.

लग्न विवाह निबंधकांच्या कचेरीत झालं, मी साक्षीदार; इंग्रजांच्या राणीच्या काळातल्या जुन्या कायद्याने. दोघे ख्रिस्ती, एवढं त्याला पुरे होतं. कोपऱ्यात शिपाई मोहरेसाठी लाख वितळवत होता.

"पोरांचं काही विचारत नाही काय?" लूसीने निबंधकांना मुद्दाम विचारलं.

"राणीनं तेवढं विचारलं नाही, बाई."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, त्या खोलीत ताठ उभी होती ती एकटीच.

त्यांना मूल झालं नाही.