काच निवळवणारा

काचेच्या कारखान्यात त्याला सगळे 'बुडबुडे' म्हणत. वितळलेल्या काचेतले बुडबुडे घालवणं हेच त्याचं काम. प्रत्येक मुशीत तो चिमूटभर सोमल टाकायचा. त्याचा वायू वर येताना बारीकसारीक बुडबुडे सोबत घेऊन जायचा आणि काच नितळ व्हायची. सोमल म्हणजे जहाल विष. डबा कुलपात असे, किल्ली त्याच्या कमरेला.

सासूबाई त्याच्याच घरी राहायच्या. त्या वर्षी त्यांचं पोट बिघडलं ते बिघडलंच. ओकाऱ्या, हातापायांना मुंग्या. औषधांनी उतार पडेना. आईला बघायला आलेला मेहुणा जाताना दारात थांबला.

"दाजी, त्या डब्याची किल्ली तुमच्याकडेच असते ना?"

"हो. का?"

"काही नाही. सहज विचारलं."

त्या 'सहज'नं घर नासलं. सासूबाई जावयाच्या हातचं पाणी घेईनाशा झाल्या. तो स्वयंपाकघरात गेला की बायको काहीतरी काम काढून मागोमाग यायची. तोही धास्तावला. कोणी डबा उघडत नसेल ना, म्हणून रोज वजन करू लागला. वजन बरोबर भरायचं, तरी कधी बायकोचा संशय यायचा, कधी मेहुण्याचा.

शेवटी तोच सासूबाईंना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. मेहुणा पहाऱ्यावर असल्यासारखा सोबत. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचे तळहात निरखून पाहिले. त्यांवर बारीक, टणक गाठी आल्या होत्या.

"आजी, घरात कपडे कोण धुतं?"

"मीच. लेकीला उरक नाही. जावयाचे कपडे फार मळतात, आधी चांगले झटकते, मग हातानं घासते."

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही कुठे कामाला?"

सांगता सांगताच त्याची नजर स्वतःच्या बाह्यांवर गेली. डबा कुलपात होता. भुकटी मात्र रोज त्याच्या बाह्यांवरून घरी येत होती. लघवी तपासल्यावर खात्रीच पटली.

सासूबाई चार महिन्यांनी हिंडूफिरू लागल्या, बोटं मात्र बधिर राहिली. त्यानं मालकाशी भांडून सोमल बंद करवला. आता लोखंडी सळईला ओलं लाकूड अडकवून तो मुशीच्या तळाशी खुपसतो. वाफेनं काच उसळते, बुडबुडे निघतात. वेळ लागतो. कपडे तो कारखान्यातच बदलतो आणि स्वतः धुतो.

सासूबाई आता त्याच्या हातचा चहा मागून घेतात. मेहुणा येतो, बसतो, गप्पा मारतो. कप पुढे केला की म्हणतो, "आत्ताच पिऊन आलो, दाजी."