पेरूच्या वड्या आणि अकरावा सोमवार

मला राग लवकर येतो. येण्याआधी तो खरा की खोटा हे तपासायची सवय मला नाही. माहेरी लोणावळ्याला अब्बा दुकानातून ओरडायचे, "हिच्याशी बोलताना आधी हिचं तोंड बघा रे!" आणि भाऊ फिदीफिदी हसायचे. लग्न होऊन तळेगावला आले, सोसायटीत राहायला लागले, वय चाळिशीच्या पुढे गेलं, तरी या बाबतीत माझी काही प्रगती झालेली नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एक मावशी राहतात. मूळच्या जवळच्याच इंदुरी गावच्या. घरची शेती मोठ्या दिरांकडे आहे, आणि मावशी मुलाकडे आल्या त्या नाइलाजाने. घाट उतरताना मुलाची गाडी घसरली आणि उजव्या हाताची शीर दुखावली. हात दिसायला धडधाकट, पण चमचासुद्धा धरवेना. सून नोकरीला. मग तिशीच्या मुलाला दुपारी घास भरवायला आईच हवी. मावशींनी मुलाच्या हातासाठी सोळा सोमवार बोलले होते. दिवसभर दूध, फळ, फार तर राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी शंकराला जाऊन आल्यावर जेवण. मधला एक जरी मोडला तरी पुन्हा पहिल्यापासून, हा त्यांचा नेम.

या मावशी माझ्याकडे यायच्या त्या सोमवारीच. दुपारी तीनच्या सुमारास खाली उतरायच्या, सोफ्यावर न बसता जमिनीवर मांडी घालायच्या आणि तासभर गप्पा मारायच्या. मला त्यांचं येणं आवडायचं. पण मी काही पुढे केलं की ठरलेलं उत्तर, "आज सोमवार न्हाई का बाई!" चहा नको, चिवडा नको, केक नको. इतर दिवशी मात्र त्या फिरकायच्या नाहीत. मी वर बोलवायला गेले तरी "यीन की" म्हणायच्या आणि यायच्या नाहीत.

तिसऱ्या-चौथ्या सोमवारी माझ्या डोक्यात किडा शिरला. शाळेत असताना माझ्या एका मैत्रिणीच्या घरी माझ्यासाठी वेगळा कप असायचा. तो खिडकीत उपडा घातलेला असे. कुणी मला कधी वाईट बोललं नाही, उलट लाडच केले, पण कप वेगळा. मी दहा वर्षांची असेन, तरी मला समजायचं. आता मला वाटायला लागलं की मावशींनी कपाच्या जागी सोमवार ठेवलाय. उपासाच्याच दिवशी यायचं, म्हणजे मुसलमानाच्या घरचं खायचा प्रश्नच नको आणि शेजारधर्मही सांभाळला जातो. काय हुशार बाई आहे, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "असेलही, नसेलही. तू विचार ना त्यांना." विचारलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. पण मी विचारणाऱ्यातली नाही, मी मनात अढी धरून बसणाऱ्यातली आहे.

माझा धाकटा भाऊ लोणावळ्यात तुंगार्लीच्या बंगल्यांमध्ये विजेची कामं करतो. तिथल्या एका बंगल्याचे मालक वर्षातून दोनदा येतात आणि मागच्या अंगणातला पेरू पिकून खाली पडतो. त्या डिसेंबरात भाऊ पिशवी भरून पेरू घेऊन आला, आतून गुलाबी, घरभर वास सुटेल असे. मी त्यांचा जॅम केला. फोडी शिजवून चाळणीवर घासायच्या म्हणजे बिया वर राहतात, मग साखर आणि लिंबू घालून आटवायचं. बशीवर थेंब टाकून बशी तिरकी केली आणि थेंब पळाला नाही की झालं. त्या जॅमच्या वड्या करायच्या, तर खालच्या थरासाठी ओट्स, वाटीभर कणीक, गुळाची पूड, लोणी, चिमूटभर सोडा. हाताने चुरून त्यातलं बरंचसं मिश्रण डब्यात दाबून बसवायचं, वर जॅम पसरायचा, उरलेला चुरा त्याच्यावर भुरभुरायचा आणि अर्धा तास ओव्हनमध्ये. यात कौशल्य असं काही नाही. गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, एवढा धीर मात्र लागतो, आणि नेमका तोच माझ्याकडे कमी. तरी त्या दिवशी मी थांबले, आणि वड्या अशा काही सुरेख कापल्या गेल्या की कुणालातरी दाखवल्याशिवाय मला चैन पडेना.

तेवढ्यात मावशी आल्या. सोमवारच होता, त्यांचा अकरावा.

"आगं, काय वास सुटलाय! पार वर जिन्यात येतोय," म्हणाल्या आणि नेहमीच्या जागी बसल्या. मी बशी पुढे केली. त्यांनी वडीकडे पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "आज सोमवार न्हाई का बाई."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "मावशी, हे उपासाला चालतं."

हे वाक्य मी का बोलले ते मला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. आता ही बाई कोणती पळवाट शोधते ते मला बघायचं होतं. मला तिला कोंडीत पकडायचं होतं.

"चालतं व्हय? कशाचं हाय?"

"पेरूचा जॅम. आणि हे ओट्स, राजगिऱ्यासारखंच असतं, परदेशातलं." कणकेबद्दल मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

"आगं मग आधी सांगायचं की!" असं म्हणून मावशींनी वडी उचलली आणि खाल्ली. मग दुसरी उचलली. चुरा साडीवर सांडला तो बोटाने टिपून खाल्ला. "लय झ्याक झाल्यात. इतकं दिस नुसता वासच घेऊन जातीया मी तुज्या घरचा."

मला आनंद व्हायला हवा होता, कारण माझा संशय खोटा ठरला होता. पण तो झाला नाही. समोर बसलेली बाई माझ्या हातचं आवडीने खात होती आणि त्या प्रत्येक घासाला तिचा नवस मोडत होता. थांबा म्हणायला एक क्षण पुरला असता. पहिल्या वडीनंतर सांगितलं असतं तरी अर्धं पाप वाचलं असतं, असलं काहीतरी वेड्यासारखं मी नंतर स्वतःशी बोलत होते. प्रत्यक्षात मी त्यांना पाणी आणून दिलं.

पुढच्या आठवड्यात मावशींनी सोसायटीत डंका पिटला. लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, सगळीकडे, "हिच्या हातच्या वड्या उपासाला चालत्यात बरं का!" तीन बायकांनी मला चतुर्थीसाठी विचारलं. मी ओव्हन बिघडलाय म्हणून सांगितलं. एका खोट्यावर दुसरं चढलं. मावशींनी मात्र देवळातल्या मैत्रिणींसाठी चार वड्या मागितल्या आणि त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी राजगिऱ्याच्या लाह्या आणल्या, शिंगाड्याचं पीठ आणलं, दाण्याचा कूट केला, साधं मीठसुद्धा काढून शेंदेलोण घातलं. उपासाचे नियम मी आयुष्यात कधी एवढे काटेकोर पाळले नसतील. मावशींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "चांगल्या हायेत. पर त्या दिशीच्या लय खुसखुशीत हुत्या."

खुसखुशीत असणारच, त्यात गहू होता. मी मान खाली घालून ओटा पुसत राहिले.

पंधराव्या सोमवारी मावशी नेहमीपेक्षा लवकर आल्या, जवळजवळ धावतच. मुलाने सकाळी उजव्या हाताने चहाचा कप उचलला होता. अर्धा सांडला, पण तोंडापर्यंत नेला. हे सांगताना मावशींचे डोळे वाहत होते आणि त्या पुसत नव्हत्या. "पावला गं महादेव. पुढल्या सोमवारी सोळावा, त्याच्या फुडं उद्यापन करायचं. तू यायचं, जेवायलाच यायचं, जावईबापूंनाबी आणायचं." माझ्या नवऱ्याला त्या जावईबापू म्हणतात.

त्या आठवड्यात मला धड जेवण गेलं नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो शांत माणूस आहे. म्हणाला, "आता बोलू नकोस. मुलगा बरा होतोय, त्या समाधानात आहेत. तुझं मन हलकं करायला त्यांचं का मोडतेस?" त्याचं म्हणणं मला पटत होतं. पण उद्यापनाच्या ताटावर मी बसायचं, त्यांनी मला वाढायचं, आणि देवापुढे जे पुरं झालं म्हणून त्या हात जोडणार ते पुरं झालेलं नाही हे फक्त मला माहीत असायचं, हे मला झेपेना. त्यांच्या देवावर माझा विश्वास नसेल, पण त्यांनी शब्द दिला होता आणि तो मी फसवून मोडायला लावला होता.

शनिवारी दुपारी मी वर गेले. मावशी उद्यापनासाठी गहू निवडत बसल्या होत्या. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. ओट्स धान्य असतं, त्यात कणीकही होती, आणि मला ते ठाऊक होतं.

मावशींचे हात सुपातच थांबले. मग बोटांची पेरं मोजली. "अकरावा हुता त्यो," म्हणाल्या. "म्हंजी मागचं-फुडचं सगळंच गेलं."

"मावशी, तुम्हाला माहीतच नव्हतं. आमच्यात रोजा विसरून कुणी काही खाल्लं तर तो तुटत नाही. अल्लानेच खाऊ घातलं म्हणतात." विसरणं वेगळं आणि फसणं वेगळं हे मला समजत होतं, पण बुडताना माणूस काहीही धरतो.

"का केलंस गं असं?"

मग तेही सांगितलं. वेगळा कप सांगितला, माझा संशय सांगितला, त्या सोमवारीच का येतात याचा मी लावलेला अर्थ सांगितला. सांगताना माझे कान तापले.

"आगं, सोमवारी सुनंला सुट्टी असती. ती त्याला हाताच्या व्यायामाला घेऊन जाती. मला सैपाक न्हाई, भरवायचं न्हाई. बाकीच्या दिशी हलायला कुटं मिळतं मला? सोमवार तेवढा माजा असतोय. तवा तुज्याकडं येतीया."

इतकं साधं होतं. मी रडायला लागले. मावशींनी मला रडू दिलं. मग सूप बाजूला सारलं आणि हळूच म्हणाल्या, "मला ठावं नव्हतं, म्हून देव मला माफ करंल. पर तुला ठावं हुतं, पोरी."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं.

उद्यापन रद्द झालं. सोळाव्या सोमवारी त्यांनी पहिला सोमवार धरला. सुनेने मला जिन्यात गाठून सांगितलं, "त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, डॉक्टरांनी उपास कमी करा म्हटलंय. तुम्ही बोलला नसता तर चाललं नसतं का?" तिचं काही चुकलं नव्हतं. माझं ओझं मी उतरवलं आणि पासष्टीच्या बाईच्या डोक्यावर आणखी सोळा आठवडे ठेवले. मी मावशींना म्हटलं की तुमच्याबरोबर मीही सोमवार धरते. त्या म्हणाल्या, "तू कशाला? तुमचं रोजं यायचं हायेत की आता."

रमजान आला. मला वाटलं होतं त्या आता येणार नाहीत, पण सोमवारी तीन वाजता दारावर थाप पडली. दोघींच्याही पोटात काही नाही, तोंडं सुकलेली. त्या जमिनीवर बसल्या, मीही त्यांच्यासमोर बसले. मुलाला आता भाकरी मोडता येते म्हणाल्या. पंख्याखाली बसून आम्ही नेहमीसारख्याच गप्पा मारल्या. सगळं मागं पडलं, असं मी त्या दिवशी स्वतःला समजावलं.

ईदच्या सकाळी शिरखुर्म्याची वाटी घेऊन मी वर गेले. शनिवार होता, उपास नव्हता. मावशींनी हात पुसले, माझ्या गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली, "सणाची कशी दिसतीया" म्हणाल्या आणि वाटी हातात घेतली. चमचा घातला. उचलला नाही.

"ह्यात काय काय हाय?" त्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. टोमणा नव्हता. रस्ता ओलांडताना माणूस दोन्हीकडे बघतो तेवढंच होतं ते. मी दारात उभी राहून सांगितलं, दूध, शेवया, खजूर, चारोळी, काजू, बदाम, तूप, साखर, वेलदोडा. खसखस आधी विसरले होते, तीही सांगितली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग पहिला घास घेतला.