बथशेबाबाईंची बिनपाण्याची बाग

बथशेबाबाई नवगावकरांना शहाणपण शिकवायला कुणी जाऊ नये. जे गेले ते हात हलवत परत आले, आणि मला त्याचा आनंदच आहे.

बाई पनवेलच्या दवाखान्यात नर्स, माझ्या शेजारी राहणाऱ्या. जातीच्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू; बिनलग्नाच्या, ताठ मानेच्या. त्यांच्या ओट्यावर डालड्याच्या डब्यांत जाड पानांची बुटकी झाडं होती. पानावर पान असं गोल बसलेलं की लांबून हिरवा गुलाबच वाटावा. आळीने एकमताने निकाल दिला, आपल्या पावसात ही कुजणार. बाईंनी फुटकी कौलं कुटली, त्यात जाडी रेती मिसळली, डब्यांना भोकं पाडली आणि पावसाळाभर डबे भिंतीशी, कोरड्यात ठेवले. एरवी आठवड्याला घोटभर पाणी, पावसात तेही नाही. कैक पावसाळे गेले. झाडं जगली आणि आळीची तोंडं बंद झाली.

अठ्ठावन्न साली धाकटा भाऊ सॉल बायकोमुलांसह कायमचा इस्रायलला निघाला. आई लवकर गेली, तेव्हा त्याला बाईंनीच वाढवलेला. त्याने बहिणीला न विचारता तिचेही कागद करून टाकले आणि बोटीची वाट पाहत सगळे तिच्याकडे येऊन राहिले. जेवायला बसलं की एकच पालुपद, "ताई, इथं आता आपलं कोण उरलंय?"

"मी उरलेय ना," बाई म्हणायच्या.

एक दिवस झाडं मऊ पडलेली दिसली. बुंधे काळे झालेले. बाईंनी डबा उचलला तर खालून पाणी ठिबकलं. सॉल समोरच चहा पीत होता.

"मीच घालत होतो, तू ड्यूटीवर गेलीस की," तो म्हणाला. "या डब्यांत तुझा जीव अडकलाय. आता ते संपले. चल."

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. सुपात कोरडी रेती पसरली आणि कुजक्या बुंध्यांवरची धड पानं खुडून एकेक तिच्यावर मांडली. डोळे मात्र पुन्हापुन्हा पुसत होत्या.

बोट महिनाभर लांबली. तेवढ्यात पानांच्या देठांशी मोहरीएवढे हिरवे कोंब आले. सॉलला वाटलं, आपलंच म्हणणं खरं झालं.

"बघ ताई, पान तोडून कुठंही ठेवलं तरी रुजतं. तूही तिकडं रुजशील."

"रुजेन की. पण मला तोडायचं तू कोण ठरवणार?"

सॉलची मान खाली गेली. खिशातून त्याने तिचे कागद काढून पुढे केले. बाईंनी ते घेतले नाहीत. लहानपणी फिरवायच्या तसा त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"ते तुझ्याकडंच ठेव," त्या म्हणाल्या. "मला यायचं झालं तर माझे कागद मी करीन."